टायरची जन्मतारीख

पहिल्यांदाच जुनी मोटारसायकल घेणारा इंजिनाचा आवाज ऐकतो, रंग पाहतो आणि टायरच्या खाचा खोल दिसल्या की निर्धास्त होतो. पण रबर न वापरताही जुने होते. हवेतील ऑक्सिजन व ओझोन यांची त्याच्या लांब रेणूंशी क्रिया होते. रबर कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. कडक रबराची रस्त्यावरची पकड कमी होते. घर्षण निम्मे झाले, तर करकचून ब्रेक दाबल्यावर गाडी दुप्पट अंतरावर थांबते. टायरच्या बाजूवर सहसा लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. शाळेच्या आवारातील गाड्यांवर विद्यार्थ्यांना हे आकडे शोधायला सांगा. आणि गाडी घेताना टायर जुने निघाले, तर नव्यांची किंमत सौद्यातच धरा.