भरतीचं बल अजून एकटंच

गुहागर तालुक्यात हेदवीच्या किनाऱ्यावर बामणघळ आहे. भरतीची लाट कातळातल्या अरुंद घळीत घुसते आणि पाणी कारंज्यासारखं उसळतं. ही भरती आणतं ते चंद्र-सूर्याचं गुरुत्वाकर्षण. जवळच्या वाडीत पोफळीवरून सुपारी गळते तीही त्याच बलानं. आकाशातलं आणि जमिनीवरचं बल एकच, असं न्यूटननं १६८७ साली दाखवलं आणि निसर्गातली बलं जोडण्याचं काम तिथून सुरू झालं. त्याची पुढची पायरीही याच तालुक्यात कामाला लागलेली आहे. अंजनवेलच्या वीज प्रकल्पातली जनित्रं चालतात ती वीज आणि चुंबकत्व मुळात एक असल्यामुळे. १८६५ साली मॅक्सवेलनं त्या दोघांत प्रकाशही आणून बसवला.

उरलेली दोन बलं अणुकेंद्रातली. प्रबळ बल केंद्रक बांधून ठेवतं, तर क्षीण बलामुळे काही केंद्रकांचा किरणोत्सारी ऱ्हास होतो. क्षीण आणि विद्युतचुंबकीय बल एकाच बलाची दोन रूपं आहेत, या मांडणीबद्दल ग्लाशो, सलाम आणि वाइनबर्ग यांना १९७९ चं नोबेल मिळालं. मग प्रबळ बलही त्यात का नसावं? अशा महाएकीकरणाचा एक परिणाम चमत्कारिक होता. केंद्रकातला प्रोटॉन अमर राहत नाही, तो कधीतरी फुटतो. सुरुवातीच्या गणितानुसार त्याचं आयुष्य साधारण १० चा ३१ वा घात इतकी वर्षं, आणि विश्वाचं वय तर जेमतेम १,३८० कोटी वर्षं.

इतकी वाट कोण पाहणार? पण प्रोटॉन पुरेसे जमवले तर त्यांतला एखादा वर्षभरातही फुटू शकतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं जपानी शास्त्रज्ञांच्या साथीनं हेच केलं. कोलारच्या सोन्याच्या खाणीत २,३०० मीटर खोलवर, जिथे अवकाशातून येणाऱ्या किरणांचा मारा खडकानं अडवलेला असतो, त्यांनी १९८० साली १४० टनांचा शोधक मांडला. लोखंडाच्या पत्र्यांमध्ये कणांचा माग टिपणाऱ्या नळ्यांचे थर होते. प्रोटॉन फुटल्यासारख्या मोजक्या घटना दिसल्या आणि जगाचं लक्ष तिकडे वळलं. परदेशातल्या त्याहून मोठ्या शोधकांना मात्र तसं काही आढळलं नाही. आज जपानच्या सुपर-कामिओकांडेनं प्रोटॉनच्या आयुष्याची किमान मर्यादा १० चा ३४ वा घात इतक्या वर्षांपलीकडे नेली आहे आणि महाएकीकरणाची सर्वांत साधी मांडणी बाद झाली आहे. तरीही कोलारचा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. कागदावरच्या देखण्या कल्पनेला जमिनीखाली नेऊन जाब विचारणारे जगातले पहिले काही लोक आपल्याकडचे होते.

या सगळ्यात गुरुत्वाकर्षण बाहेरच राहिलं. ते विलक्षण दुबळं आहे. दोन प्रोटॉनांमधलं विद्युत बल त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या १० चा ३६ वा घात इतक्या पटींनी मोठं असतं. मग समुद्र हलवतं ते गुरुत्वाकर्षण कसं? धन आणि ऋण विद्युतभार एकमेकांना निकामी करतात. वस्तुमानाला ऋण जोडीदार नाही, त्यामुळे गुरुत्वाकर्षण साचतच जातं.

शिवाय आइन्स्टाइनच्या सिद्धांतात हे बल म्हणजे अवकाश-काळाची वक्रता, तर बाकीची बलं क्षेत्रांच्या भाषेत लिहिलेली. इथे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला १९४९ साली जन्मलेल्या अभय अष्टेकरांचं नाव येतं. १९८६ साली त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत मांडली. अंतरं मोजण्याऐवजी, दिशा एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेताना कशी वळते हे त्यांनी मूळ धरलं. किचकट समीकरणं एकदम सुटसुटीत झाली आणि इतर बलांच्या समीकरणांशी त्यांचं नातं दिसू लागलं. त्यातूनच लूप क्वांटम गुरुत्वाचा सिद्धांत वाढला. त्याच्या मते अवकाश सलग नाही, त्याच्या क्षेत्रफळालाही किमान घटक आहे. चारही बलं एक करण्याचा दावा तो करत नाही. ती महत्त्वाकांक्षा स्ट्रिंग सिद्धांताची. मला मात्र आधी गुरुत्वाकर्षणच क्वांटम नियमांत नीट बसवण्याचा अष्टेकरांचा क्रम अधिक पटतो.

अवकाशाचे हे किमान घटक ज्या मापाचे, ती लांबी म्हणजे दशांश चिन्हापुढे ३४ शून्यं देऊन मग १६ लिहावेत, इतके मीटर. कोणताही शोधक तिथवर थेट पोहोचत नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या चार-चार किलोमीटरच्या भुजाही पोहोचणार नाहीत. पण कृष्णविवरांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी आइन्स्टाइनच्या गणितापासून किंचित जरी ढळल्या, तर ते अशा वेधशाळांतच कळेल.