धंद्याचे काही शब्द

धंदा म्हटले की आपण ‘भांडवल’ हा एकच शब्द उच्चारतो. पण तेवढ्यावर भागत नाही. नवा उद्योग, आजच्या भाषेत ‘स्टार्टअप’, काढणाऱ्याचा माल चांगला असूनही तो अडचणीत येऊ शकतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच पाहा. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर बनवला. पण लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी तो घेईनात. यंत्रे, इमारत यांत गुंतलेला पैसा म्हणजे स्थिर भांडवल. कच्चा माल, मजुरी यांसाठी फिरत राहणारा पैसा म्हणजे खेळते भांडवल. माल पडून राहिला की खेळते भांडवल अडकते. १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी जागा व कर्ज दिले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० साली मर्यादित कंपनी झाली. कर्ज नफा होवो न होवो फेडावेच लागते; भागधारक मात्र नफ्याबरोबर तोट्याचाही वाटेकरी असतो.

आता घरचे उदाहरण. माझा चुलतभाऊ गारगोटीत पिठाची गिरणी घालणार आहे. घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच, म्हणून हिशेब माझ्याकडे आला. समजा, भाडे व पगार मिळून महिन्यास ९,००० रुपये द्यावेच लागतात. दळणाचा दर किलोस ५ रुपये. वीज वगैरे २ रुपये जाता ३ उरतात. म्हणजे ३,००० किलो दळण हा ‘ना नफा ना तोटा’ बिंदू. त्याखाली पदरचे जातात. तो म्हणाला, “दळण येईल रे, पण निम्मं उधारीवर!” तीही खेळते भांडवलच अडकवते.

६०,००० रुपयांचे यंत्र दहा वर्षे चालले, तर वर्षाला ६,००० रुपये झिजले, हा घसारा. तो न वजा करता गल्ल्यातली रक्कम नफा समजू नये.

‘मर्यादित’ म्हणजे कंपनी बुडाली तरी भागधारकाचे नुकसान त्याच्या भागापुरतेच. पण मालकाने व्यक्तिगत हमी दिली असेल, तर ही ढाल त्याला उपयोगी पडत नाही. गिरणीसाठी चुलत्यांची वीस गुंठे जमीन तारण द्यायचे घाटत आहे. हप्ते थकले तर ती विकून कर्ज वसूल होऊ शकते, हे मी त्यांना दोनदा समजावले.

मी वाणिज्य शाखेचा नाही. पण ज्यांच्या घरी सही करण्यापूर्वी कागद वाचणारे दुसरे कोणी नाही, अशा आपण सर्वांनी हे शब्द शिकून घ्यावेत.