घरी इलेक्ट्रिक स्केटबोर्ड बनवताय? आधी ब्रेकचं बोलू

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. मधल्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात, बाकी बोललो तसंच आहे.

विषय आहे घरी बनवलेला इलेक्ट्रिक स्केटबोर्ड. मी दिवसभर सर्व्हरचा कोड लिहितो. बीटेक कॉम्प्युटरचं, त्यामुळे हाताने काही बनवायचा अनुभव म्हणजे पहिल्या वर्षाचं वर्कशॉप, तेवढाच. तरी चार महिन्यांचे शनिवार-रविवार घालून बोर्ड बनवला. तयार झाल्यावर प्रत्येक मित्राने एकच प्रश्न विचारला, "किती पळतो रे?" माझे बाबा चिंचवडला कंपनीत टर्नर होते. त्यांनी बोर्ड उलटा केला, खालून नीट बघितला आणि विचारलं, "ब्रेक कुठंय?"

मी हसून म्हणालो, "बाबा, तो सॉफ्टवेअरमध्ये आहे."

आठ दिवसांनी माझा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. आजचा भाग त्या आठ दिवसांबद्दल आहे. बोर्ड पळवणं सोपं आहे, नेट बघून कोणीही पळवेल. थांबवणं हा खरा प्रोजेक्ट आहे.

काय काय लागतं

फळी, म्हणजे डेक. तिच्याखाली दोन ट्रक, म्हणजे ज्यावर चाकं बसतात ते धातूचे ॲक्सल. माझी चाकं ९० मिलिमीटरची आहेत. मागच्या एका चाकाला मोठी पुली, मोटरला छोटी पुली आणि दोन्हींमध्ये दात्यांचा पट्टा. मोटर ब्रशलेस, ६३७४ साइझची: व्यास ६३ मिलिमीटर, लांबी ७४. मोटर ट्रकला धरून ठेवणारी पट्टी बाबांनी भोसरीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून करून आणली.

मग बॅटरी, रिमोट आणि या सगळ्यांच्या मधे बसणारा स्पीड कंट्रोलर. मी व्हेस्क घेतला. स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांनी हा कंट्रोलर ओपन सोर्स म्हणून बनवला. मोबाइलवरून त्याची प्रत्येक सेटिंग बदलता येते. कोड लिहिणाऱ्या माणसाला हा प्रकार फार आवडतो, आणि धोकाही तिथेच आहे. स्क्रीनवर आकडा बदलला की काम झालं असं वाटायला लागतं.

आधी गणित, मग खरेदी

तपकीर गल्लीत जाण्याआधी वही-पेन घेऊन बसा.

माझी मोटर १९० केव्हीची आहे. म्हणजे एका व्होल्टला साधारण १९० फेरे, दर मिनिटाला. बॅटरीत १० सेल एकामागोमाग जोडलेत, प्रत्येकी ३.६ व्होल्ट, एकूण ३६. १९० गुणिले ३६ म्हणजे ६,८४० फेरे. छोट्या पुलीला १५ दाते, मोठीला ३६, म्हणजे चाकाचे फेरे २.४ पटीने कमी: २,८५०. ९० मिलिमीटरचं चाक एका फेऱ्यात सुमारे २८ सेंटिमीटर जातं. हिशोब केला तर ताशी ४८ किलोमीटर!

हा बिनओझ्याचा आकडा आहे, अंगावर माणूस घेतल्यावर कमी होतो. तरीही बघा, आपण ज्या फळीवर नुसते उभे आहोत, धरायला काही नाही, ती स्कूटरच्या वेगाने जाऊ शकते.

आता थांबायचं गणित. मी आणि बोर्ड मिळून ७८ किलो. ताशी २० किलोमीटरला आमच्यात सुमारे १,२०० ज्यूल ऊर्जा असते. वेग दुप्पट, म्हणजे ४० केला, तर ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते: सुमारे ४,८०० ज्यूल. ब्रेकला हे सगळं कुठेतरी टाकायचं असतं. सायकलमध्ये ते रबर आणि रिम गरम करण्यात जातं. आपल्या बोर्डमध्ये कुठे जातं?

बॅटरीत. हा मुद्दा नीट धरून ठेवा. ब्रेक दाबला की मोटर जनरेटर होते, चाकाची ऊर्जा वीज होऊन परत बॅटरीत जाते. याला रीजेन ब्रेकिंग म्हणतात. छान कल्पना आहे, फक्त बॅटरीने ती वीज घ्यायला पाहिजे.

मी कसा पडलो

लिथियम आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर असतो. त्यापुढे भरत राहिलं तर सेल खराब होतो, आग लागू शकते. म्हणून पॅकमध्ये बीएमएस नावाचं छोटं सर्किट असतं. ते प्रत्येक सेलवर नजर ठेवतं आणि मर्यादा ओलांडली की जोडणी तोडतं. माझ्या बीएमएसची मर्यादा होती ४.२५ व्होल्ट. चार्जिंगची वीज आणि मोटरची वीज, दोन्ही मी त्याच्यातूनच नेली होती. सगळं एकाच वाटेने, सुटसुटीत.

रविवार होता. ताई आणि भाचा आले होते. भाचा चौदा वर्षांचा, सकाळपासून "मामा, मला कधी?" चालू होतं. म्हणून मी बोर्ड रात्रीच पूर्ण चार्ज करून ठेवला होता. सोसायटीच्या मागे पार्किंगकडे उतरणारा एक रस्ता आहे. म्हटलं, आधी मी एक फेरी मारतो, मग तुझा नंबर.

उतारावर मध्यावर ब्रेक दाबला. एक क्षण लागला, आणि मग काहीच नाही. चाकं मोकळी सुटली.

काय झालं असेल? पॅक काठोकाठ भरलेला, प्रत्येक सेल ४.२० वर. ब्रेकमुळे १२ अँपिअर उलटे आत घुसले. सेलला स्वतःचा थोडा रेझिस्टन्स असतो, त्यामुळे प्रत्येक सेलचा व्होल्टेज अंदाजे ०.०८ ने वर गेला. ४.२८. बीएमएसने जे करायचं तेच केलं, वाट बंद केली. मोटरमधून येणाऱ्या विजेला जायला जागा उरली नाही, कंट्रोलरचा व्होल्टेज उसळला, त्याने फॉल्ट दाखवून मोटर सोडून दिली. प्रत्येक पार्टने आपापलं काम चोख केलं. सगळे मिळून मात्र मी भिंतीकडे निघालो.

उडी मारली, हात टेकला, मनगटाचं हाड मोडलं. हेल्मेट होतं, मनगटाचे गार्ड नव्हते.

नंतर हिशोब केला तेव्हा लाज वाटली. तो उतार सगळा मिळून ५ मीटर उंचीचा. तेवढं उतरताना मिळणारी ऊर्जा सुमारे १ वॅट-तास. माझी बॅटरी २७० वॅट-तासांची. इतक्याशा विजेसाठीसुद्धा भरलेल्या भांड्यात जागा नव्हती.

मी ब्रेक तपासला नव्हता असंही नाही. तीस-चाळीस वेळा तपासला होता. पण प्रत्येक वेळी सपाट जागेवर आणि अर्ध्या बॅटरीवर. ऑफिसमध्ये दुसऱ्याच्या कोडमध्ये एज केस शोधणारा मी, स्वतःच्या बोर्डची एज केस पायाखाली घेऊन उतारावर गेलो. आणि पुढचा नंबर भाच्याचा होता. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आता काय बदललंय

एक. बीएमएस आता फक्त चार्जिंगच्या वाटेवर आहे. मोटरची वीज बॅटरीतून सरळ कंट्रोलरकडे जाते, त्यामुळे ब्रेक मारताना मधे कोणी वाट तोडत नाही. पण यात बीएमएसचं शॉर्ट सर्किटपासूनचं संरक्षणही जातं, म्हणून बॅटरीला चिकटून ४० अँपिअरचा फ्यूज हवाच. बॅटरी फार उतरू नये हे कंट्रोलर बघतो: ३४ व्होल्टपासून जोर कमी करतो, ३१ ला थांबवतो.

दोन. रोजचं चार्जिंग ४१ व्होल्टपर्यंतच, म्हणजे सेलमागे ४.१. वरची जागा ब्रेकसाठी राखीव. अधूनमधून पूर्ण ४२ करतो, कारण बीएमएस सगळे सेल एका पातळीवर आणतो ते शेवटच्या टप्प्यात. त्या दिवशी आधी दोन-तीन किलोमीटर सपाट जागेवर, मगच उतार.

तीन. उलट्या विजेची मर्यादा आता ८ अँपिअर. तुमचा आकडा तुमच्या सेलच्या डेटाशीटमधून काढा, एका सेलची चार्जिंग मर्यादा गुणिले समांतर सेलची संख्या, आणि त्याच्याही खाली राहा.

चार. वेग २० वर बांधलाय. माझ्या मोटरसाठी व्हेस्कमध्ये तो आकडा साधारण २०,००० ईआरपीएम येतो. पण लक्षात ठेवा, ही मर्यादा फक्त मोटरचा जोर काढते. उतारावर गुरुत्वाकर्षण तुमचं ॲप वाचत नाही.

पाच, बाबांचा मुद्दा. ते म्हणाले, "अरे, सायकललासुद्धा दोन ब्रेक असतात." बोर्डचा दुसरा ब्रेक म्हणजे तुमचा पाय. मोटर लावायच्या आधी महिनाभर साधा बोर्ड चालवा, एक पाय जमिनीवर घासत थांबायला शिका. हे मी शेवटी शिकलो, ते पहिलं शिकायचं होतं.

बॅटरी स्वतः बनवू नका

निदान पहिली तरी नको. सेलवर सरळ सोल्डरिंग केलं तर उष्णतेने सेल आतून बिघडतो. निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडाव्या लागतात आणि तिथे एक पाना घसरला तरी भडका उडतो. मी पॅक बनवून घेतला. सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेले आणि त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. चार्जिंग जागे असताना करा, आणि घराच्या मुख्य दाराजवळ नको, कारण काही झालं तर बाहेर पडायची वाट तीच असते.

रस्त्यावर चालवता येतो का?

नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या बॅटरीवरच्या वाहनांना सूट आहे. पण तीसुद्धा मान्यताप्राप्त संस्थेने तपासून मंजूर केल्यावर, आपल्या पुण्यात एआरएआय आहे तशी. घरी बनवलेल्या, याच्या कित्येक पट ताकदीच्या बोर्डला ती लागू होत नाही. मी सोसायटीच्या आत, कमिटीला विचारून, सकाळी लवकर चालवतो.

पहिल्या फेरीआधी

चाकं हवेत धरून रिमोट बंद करून बघा: मोटर थांबली पाहिजे. सगळ्या नटबोल्टला थ्रेडलॉकर लावा, नाहीतर आपल्या रस्त्यांवर ते आठवड्यात सुटतात. ब्रेक तीन वेळा तपासा: बॅटरी भरलेली, अर्धी आणि जवळजवळ संपलेली. भरलेल्याची चाचणी चालण्याच्या वेगाने, जिथून सहज खाली उतरता येईल. हेल्मेट, गुडघे, कोपर आणि मनगट, चारही.

प्लॅस्टर निघून आता पाच महिने झाले. भाचा चालवतो, पण त्याच्यासाठी वेगळं प्रोफाइल आहे, ताशी १२ च्या पुढे जात नाही. तो कुरकुर करतो. करू दे.

तुम्ही बनवत असाल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात प्रश्न घेऊ. फक्त "किती पळतो" हा प्रश्न सोडून. भेटू पुढच्या रविवारी!