पुरवठा केबल, ध्वनिसाधनांची

विद्युत् घटमाला किंवा एकदिशकारक यांपासून विवर्धक, ध्वनिमुद्रक, रेडिओ संच इ. ध्वनिसाधनांना एकदिश (एकाच दिशेने वाहणारा) विद्युत् प्रवाह पोहोचविणारी दोन संवाहकांची लवचिक केबल. अशी केबल तयार मिळत असली, तरी हवी ती लांबी, जाडी व जोड साधण्यासाठी ती पुष्कळदा घरी वा लहान कर्मशाळेत बनवितात.

ग्रामीण भागात वीज पोहोचण्यापूर्वी सामुदायिक रेडिओ संच घटमालेवर चालत. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६ मध्ये यूनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग सुमारे १५० खेड्यांत केला, तो याच काळातला. निर्वात नलिकांच्या अशा संचांत तंतू तापविण्यासाठी सु. १·५ व्होल्ट व पट्टिकांसाठी सु. ९० व्होल्ट असे दोन पुरवठे लागत. दोहोंची अदलाबदल झाल्यास सर्व नलिकांचे तंतू क्षणात जळून जात. पुढे ट्रँझिस्टर आले व उच्च दाबाची गरज संपली. परंतु अग्रांची उलटापालट आजही तितकीच घातक ठरते.

संवाहकाची निवड : कमी दाबाच्या पुरवठ्यात तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह मोठा लागतो, म्हणून तारेचा रोध महत्त्वाचा ठरतो. समजा, १२ व्होल्टच्या घटमालेपासून ५ मी. अंतरावरील विवर्धक १० अँपिअर प्रवाह घेतो. जाण्यायेण्याची तार १० मी. होते. तांब्याच्या तारेच्या काटच्छेदाचे क्षेत्रफळ १·५ चौ. मिमी. असल्यास रोध सु. ०·११५ ओहम व दाबातील घट सु. १·१५ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ एक दशांश होते. तारेचे क्षेत्रफळ ४ चौ. मिमी. घेतल्यास ही घट सु. ०·४३ व्होल्टवर येते. ध्वनी मोठा होताच प्रवाह वाढतो व दाब अधिक घटतो. त्यामुळे नेमक्या जोरकस स्वरांच्या वेळी ध्वनी फाटतो. तापमानाबरोबर तांब्याचा रोध दर अंशास सु. ०·३९ टक्के वाढतो. सिंदी (मेघे) व वर्धा परिसरात उन्हाळ्यात तापमान ४५° से.पर्यंत चढते, २०° से.च्या तुलनेने तेव्हा रोध सु. १० टक्के अधिक असतो. तेथे तार एक पायरी जाड घेणे इष्ट.

रचना : अनेक बारीक तारांचा लवचिक संवाहक घेऊन धनासाठी तांबडे व ऋणासाठी काळे वेष्टन ठेवतात. दोन्ही संवाहक एकमेकांभोवती पिळल्यास त्यांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना बव्हंशी छेद देतात व शेजारच्या संकेत-तारांत येणारा गुंजारव कमी होतो. डाखकामासाठी राळयुक्त अभिवाह वापरतात. अम्लयुक्त अभिवाहाने तांबे कालांतराने गंजते. स्क्रूखाली बसवावयाच्या टोकास मात्र डाख देऊ नये, कारण मऊ डाख दाबाखाली हळूहळू पसरतो, पकड सैल होते व जोड तापतो. अशा ठिकाणी दाबून बसविलेले टोकण योग्य.

लहान साधनांच्या नळीसारख्या जोडाचा बाह्य व्यास बहुधा ५·५ मिमी. व आतील २·१ किंवा २·५ मिमी. असतो. मधली पिन सामान्यतः धन, पण गिटारच्या काही साधनांत ऋण असते. म्हणून साधनावरील खूण पाहूनच जोड करावा.

सुरक्षितता : शिसे-अम्ल घटमालेचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने मंडल संक्षेपित झाल्यास शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो व तार पेटू शकते. त्यासाठी वितळतार धन अग्रापासून शक्य तितक्या जवळ, सु. १५–२० सेंमी.च्या आत बसवितात. तिचे मूल्य तारेच्या वहनक्षमतेपेक्षा अधिक नसावे. कारण ती प्रथम तारेचे रक्षण करते.

मर्यादा : एकदिशकारकाचा १०० हर्ट्झचा गुंजारव केबल बदलून जात नाही, त्यासाठी गाळणी-धारित्र लागते. अनेक साधनांना एकच ऋण तार दिल्यास विवर्धकाच्या मोठ्या प्रवाहाने तीत पडणारा दाब इतरांच्या संकेतात मिसळतो. म्हणून प्रत्येक साधनास पुरवठ्यापासून स्वतंत्र जोडी नेतात. रोध, जोड व मांडणी योग्य असल्यास महागड्या धातूच्या तारेने ध्वनीत सुधारणा होण्याचे कारण उरत नाही. साधन जोडण्यापूर्वी बहुमापकाने अखंडता, संक्षेप नसणे व अग्रांची दिशा तपासणे आवश्यक असते.