बाळाचे मन आणि ते सांभाळणारी माणसे

नुकत्याच जन्मलेल्या बाळाला भूक, थंडी, भीती यांपैकी काहीच स्वतःहून शमवता येत नाही. ते रडते, कुणीतरी उचलून छातीशी धरते, आणि हळूहळू त्याचा श्वास व हृदयाचे ठोके ताळ्यावर येतात. पहिली काही वर्षे मूल असे दुसऱ्याच्या आधारानेच शांत होते. हा आधार हजारो वेळा मिळाला, की ते स्वतःला सावरायला शिकते. लहान मुलाचे मानसिक आरोग्य म्हणूनच त्याला सांभाळणाऱ्या माणसाच्या वेळेशी आणि मनःस्थितीशी बांधलेले असते.

यामागे मेंदूची घडण आहे. भीती आणि राग यांचा इशारा देणारा अमिग्डाला हा भाग जन्मापासूनच कामाला लागतो. त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. नाशिकच्या रविवार कारंज्याच्या गर्दीत खेळण्यासाठी जमिनीवर लोळण घेणारे दोन वर्षांचे मूल आईबापांची परीक्षा पाहत नसते. उसळलेला राग थांबवण्याची यंत्रणाच त्याच्याकडे अजून अपुरी असते. अशा वेळी मोठ्या माणसाने आवाज न चढवता जवळ थांबणे आणि ‘तुला राग आलाय’ एवढे सांगणे उपयोगी पडते. भावनेला नाव मिळाले की पुढे कधीतरी मूल ती हातपाय न आपटता शब्दांत सांगू शकते. मागितलेले खेळणे मात्र लगेच हातात द्यायलाच हवे असे नाही.

थोडा ताण अपायकारक नसतो. लस टोचली, मूल रडले, आजीने कडेवर घेतले, की कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी वाढून पुन्हा उतरते. घरातली मारहाण, उपासमार किंवा दीर्घ दुर्लक्ष असेल आणि जवळ घेणारे कुणीच नसेल, तर शरीर सतत सावध राहते. त्याचा परिणाम झोप, शिकणे आणि रोगप्रतिकारशक्तीवर होतो.

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. बाळाशी हसतखेळत असलेल्या आईने काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवायचा. तान्ही बाळे आधी हसून, हात हलवून तिला बोलते करू पाहत. जमले नाही की तोंड फिरवत, रडत. आई पुन्हा बोलू लागली की बहुतेक बाळे सावरत. पण आईचा चेहरा महिनोन्‌महिने तसाच राहिला तर?

याचे उत्तर गोव्यातील अभ्यासांत सापडते. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी म्हापसा येथे बाळंतिणींची पाहणी केली. ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची घरातली नाराजी यांचा त्याच्याशी संबंध दिसला. पुढच्या अभ्यासात अशा मातांच्या बाळांचे सहाव्या महिन्यातले वजन आणि मानसिक विकास कमी भरला. बाळाच्या वजनाची नोंद काटेकोर ठेवणाऱ्या व्यवस्थेत आईला ‘तुझे कसे चालले आहे?’ असे क्वचितच विचारले जाते, ही मोठी उणीव आहे. ती भरून काढता येते. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आरोग्यसेविकांनी घरी जाऊन मातांशी ठरावीक पद्धतीने संवाद साधला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत, सहा महिन्यांनी या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, तर इतर गटात ५३ टक्के.

बाळाला लागणारा आधार आईनेच द्यावा असे नाही. मूल आणि पालक यांच्या नात्याचा सिद्धांत मांडणारे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या सुरुवातीच्या मांडणीत मुख्य भर आईवर होता. पण बाप, आजी, आत्या, पाळणाघरातली ताई यांच्याशीही मुलाचे घट्ट नाते जुळते. माणसे मोजकी, ओळखीची आणि रोजची हवीत.

नाशिक जिल्ह्यात नेमके हेच अवघड होते. भातकापणी संपली की सुरगाणा, पेठ भागातली अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. छाटणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), विरळणी, खुडा अशी कामे वेळेवरच व्हावी लागतात. तान्हे मूल सावलीतल्या झोळीत असते, त्याच्याकडे पाहायला सात-आठ वर्षांची बहीण. गावची अंगणवाडी आणि घरी राहिलेली आजी दोन्ही मागे पडतात. मुक्कामाच्या गावातली अंगणवाडी गाठली, तरी तिथे तीन ते सहा वर्षांची मुलेच रोज बसतात. त्याहून लहानांना मुख्यतः घरी न्यायचा आहार मिळतो. घरात कोकणा बोली बोलणाऱ्या मुलाला ताईची मराठीही नवी असते. दिवसभर राबणाऱ्या आईबापांना ‘मुलाला वेळ द्या’ असे सांगणे म्हणजे जबाबदारी भलत्याच खांद्यावर टाकणे होय.

या अडचणीवर महाराष्ट्रातच उत्तर शोधले गेले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी पाड्यांवर बालशिक्षण नेले. अंगणवाडी ही कल्पना तिथलीच. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. ‘विकासवाडी’ या त्यांच्या उपक्रमात तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे धाकट्याला कडेवर घेऊन आलेली बहीणही शिकू शके. द्राक्षाच्या हंगामात बागांजवळ अशी सोय उभी राहणे शक्य आहे, आणि मुलांना तिची निकड आहे.

घरातही काही सवयी बदलता येतात. कामावर जाताना मुलाची नजर चुकवून निसटण्यापेक्षा, ते रडले तरी, सांगून निघावे. परत येण्यावर त्याचा विश्वास बसतो. बागुलबुवाची, पोलिसाची किंवा सुईची भीती घालून जेवू घालू नये. मोबाइलबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले आहे: दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासापेक्षा जास्त नको.

काही लक्षणे मात्र ‘मोठे झाले की होईल ठीक’ म्हणून सोडू नयेत: वर्षाचे होऊनही नावाने हाक मारल्यावर न वळणे, येत असलेले शब्द हरवणे, दुखले-खुपले तरी कुणाकडेच न जाणे, आठवडेच्या आठवडे खेळणे थांबणे. अशा वेळी अंगणवाडीताईला सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि गरज पडल्यास जिल्हा पातळीवरील उपचार केंद्राकडे पाठवतात. आईची झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल किंवा बाळाला जवळ घ्यावेसेच वाटत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.