असईचा उतार

"आषाढीला पंढरपूर सोडून जालन्याला कशाला निघालात?" शेजारच्या काकूंनी विचारले तेव्हा मला चटकन उत्तर सुचेना. खरे कारण माझा पुतण्या. वेलिंग्टनचे चरित्र वाचून तो म्हणाला होता, "काका, असईला इंग्रजांच्या बाजूचे ४२८ मेले, ११३८ जखमी झाले, १८ बेपत्ता. आपले किती?" इतिहास शिकवण्यात माझी उमर गेली, पण उत्तर 'अंदाजे'च्या पुढे सरकेना.

जालना हे कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर पसरलेले बाजाराचे गाव. कर्नल स्टीव्हन्सनने इथला किल्ला २ सप्टेंबर १८०३ रोजी घेतला आणि पुढे हैदराबाद कंटिंजंटची छावणी इथे पडली. ती उठल्यालाही आता जमाना लोटला. धुळवडीला मात्र या गावात 'हत्ती रिसाला' नावाची मिरवणूक अजून निघते. गंमत अशी की असईला लढलेल्या ७४ व्या हायलँडर पलटणीला बक्षीस म्हणून जे निशाण मिळाले, त्यावरही हत्तीच होता!

दशमीच्या सकाळी आम्ही एस.टी.ने निघालो. राजूरच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडले आणि भोकरदनमार्गे असई गाठली. काळ्या रानात कपाशीची रोपे नुकती वर आलेली. एकीकडे केळणा, दुसरीकडे जुई, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत ती लढाई, २३ सप्टेंबर १८०३ ची. वाटाडे सांगत होते की केळणेला उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे नदीच्या दोन काठांना समोरासमोर. शेजारची गावे एकमेकांकडे जात-येत नसतील, हे कसे शक्य आहे? त्याने तर्क बांधला आणि उतार सापडला. वाटाडे अडाणी होते की आपल्या माणसांना जागत होते? मला दुसरे मानायला आवडते.

या बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले. कवायती कंपूंचा भार पोलमन नावाच्या जर्मन सरदारावर. तोफा इतक्या की लढाईनंतर ९८ इंग्रजांच्या हाती लागल्या. गोलंदाज तोफांपासून हलले नाहीत. काहीजण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि शत्रूची फळी पुढे सरकताच उठून त्यांनी तोफा पाठीमागून तिच्यावर डागल्या. वॉटर्लू जिंकणाऱ्या त्या सेनापतीने म्हातारपणी आपली सर्वांत चांगली कामगिरी म्हणून असईचेच नाव घेतले, ते उगीच नव्हे.

बांधावर एक शेतकरी बसला होता. मी विचारले, "नांगराला कधी गोळे लागतात का हो?"

"आज्याच्या टायमाला निघायचे म्हणतेत. आता टॅक्टरला नुसते दगड." मग पुतण्याच्या वहीकडे पाहून तो म्हणाला, "त्या लोकांची नावं हायेत का तुमच्या पुस्तकात?"

आम्ही दोघेही गप्प. नदीचे पाणी गढूळ होते आणि पलीकडून एक बाई डोक्यावर बोचके घेऊन, लुगडे गुडघ्यापर्यंत खोचून, सावकाश अलीकडे येत होती. म्हणजे उतार अजून आहे तर!

दुसऱ्या दिवशी जुन्या जालन्यात आनंदी स्वामींच्या मंदिरापुढे रांगेत उभे राहिलो. हे दगडी मंदिर महादजी शिंद्यांनी बांधविले असे सांगतात. महादजी १७९४ साली वारले; असईच्या रणावर तोफा गमावल्या त्या त्यांच्या वारसाने, नऊ वर्षांनी. चुलत आजोबांचे देऊळ इथे आणि चुलत नातवाचा पराभव इथून उत्तरेला दीड तासाच्या वाटेवर. मी हे हौसेने सांगू लागलो, पण टाळ-मृदंगापुढे माझे कोण ऐकतो?

पुतण्याने वहीच्या पानावर दोन रकाने आखले होते. 'इंग्रज' या रकान्यात आकडे होते. 'आपले' या रकान्यात त्याने फक्त 'गोलंदाज' असे लिहून ठेवले होते. पालखी आली तशी त्याने वही पिशवीत घातली आणि कपाळाला बुक्का लावून घ्यायला गर्दीत शिरला. त्याची चप्पल सांभाळत मी तिथेच उभा राहिलो.