फिंचांचा वाडा

व्हिडिओ गेम म्हटला की आपल्या पिढीच्या कपाळाला आठी पडते. गोळीबार, आरडाओरडा आणि अभ्यासाचं खोबरं! पण मंडळी, डार्मश्टाटच्या आमच्या घरी मुलांनी लावलेला एक गेम आम्ही दोघंही चहा गार होईपर्यंत बघत बसलो, त्याविषयी सांगायचं आहे.

त्याचं नाव ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’. अमेरिकेतल्या जायंट स्पॅरो कंपनीने तो २०१७ साली आणला आणि २०१८ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत तो सर्वोत्तम गेम ठरला. दोन-अडीच तासांत, म्हणजे एखाद्या मराठी नाटकाएवढ्या वेळात संपतो. बंदूक नाही, गुण नाहीत, हार-जीत नाही. सतरा वर्षांची एडिथ आपल्या जुन्या घरी परत येते आणि आपण तिच्या डोळ्यांनी बघत खोल्या हिंडतो.

घर तरी कसलं! मजल्यावर मजले कसेबसे चढवलेले. घरातलं माणूस गेलं की त्याची खोली तशीच राखलेली. इथल्या माथिल्डेनह्योहे टेकडीवर कलावंतांनी १९०१ साली आपली राहती घरंच सामानसुमानासकट प्रदर्शन म्हणून लोकांना उघडी केली होती. खोलीवरून माणूस ओळखायची तीच गंमत इथे आहे. प्रत्येकाची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने उलगडते. लुईस मासळीच्या कारखान्यात काम करतो. आपला एक हात मासे कापत राहतो आणि दुसरा हात त्याच्या मनातल्या राज्यात फिरतो. पाळीवर राबलेल्या कुणालाही हे कळेल.

आम्हाला मात्र भिडला तो पणजीचा बाप, ओडिन. १९३७ साली नॉर्वे सोडताना हा गृहस्थ राहतं घरच समुद्रातून घेऊन निघतो! किनारा दिसत असताना घर बुडतं, तोही जातो. मुलगी-जावई तिथेच नवं घर बांधतात. जुन्या घराचा सांगाडा समोर पाण्यात दिसत राहतो. बॅगेत देव्हारा आणि गोडा मसाला भरून आलेल्या आपल्याला हे वेगळं काय सांगायचं?

पुढे पेच पडतो तो असा. पणजी सगळ्या मृत्यूंच्या गोष्टी रंगवून सांगते. आई मुलांच्या भल्यासाठी खोल्यांची दारं कायमची बंद करते. दोघींचंही प्रेमच, पण मधल्या मधे एडिथला आपलं घराणं धड कळतच नाही. आपल्याकडेही ‘मुलांसमोर नको’ म्हणून कितीतरी दारं बंद असतात. कुणाचा क्षय, कुणाचं कर्ज, वाटणीवरून तुटलेली भावंडं. वर भाषेची भिंत आहेच. पणजोबांचं नावसुद्धा मुलांना सांगता येत नाही, याला जर्मनीतली शाळा जबाबदार नाही.

गेममध्ये लहान मुलांचेही मृत्यू आहेत, तेव्हा आधी स्वतः बघा आणि मगच जाणत्या मुलांबरोबर बसा. शेवटी मुलं प्रश्न विचारतील. एखादं उत्तर आपल्यालाही ठाऊक नसेल. त्यासाठी गावाकडे आजीला फोन लावा, आणि ती आहे तोवरच लावा.